चाचणीची रूम

मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सर्व्हर सांभाळते. हे ज्याला सांगावं तो विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच मोबाइलकडे बघायला लागतो. म्हणून हल्ली मी "कॉम्प्युटरवर काम करते" एवढ्यावरच भागवते. वय बावन्न. लग्न केलं नाही, आईवडील गेले, भाऊ परगावी त्याच्या संसारात. घरी बोलायला कुणी नाही, आणि ऑफिसात माझ्याशी जो बोलायला येतो त्याचं काहीतरी बंद पडलेलं असतं.

ऑफिस नागपूरच्या गांधीबागेत, एका कापडाच्या ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर. गोदाम कन्हानला. आमच्या मालकांना धंद्याची बोलणी मोबाइलवरच्या फुकट ॲपवर झालेली चालत नाहीत. "आपल्या घरच्या गोष्टी दुसऱ्याच्या ओसरीवर काहून बोलायच्या?" हे त्यांचं म्हणणं, आणि मालकांच्या ज्या दोन-तीन गोष्टी मला पटतात त्यातली ही एक. म्हणून कंपनीचा स्वतःचा चॅट सर्व्हर आहे. तो मी उभा केला. गाड्या लावणारे, गोदामवाले, बिलं करणाऱ्या मुली, सगळे त्याच्यावरच बोलतात. कुणाला कुणाशी बोलायचं असलं की एक रूम उघडायची, माणसं बोलवायची आणि लिहायचं.

काटोलची एक संत्रा उत्पादकांची कंपनी आमच्या गाड्यांनी माल पाठवायची. त्यांचाही स्वतःचा चॅट सर्व्हर होता, वेगळ्या बनावटीचा. त्यांची माणसं आमच्या माणसांशी फोनवर बोलायची आणि रोज घोळ व्हायचा. गाडी एका बागेत उभी, क्रेट दुसऱ्या बागेत भरून तयार. एक दिवस मालकांनी मला विचारलं, "मॅडम, हे दोन्ही सर्व्हर एकमेकाले जोडता येत नाही का?"

येतात. दोन्ही सर्व्हर एकाच खुल्या रीतीने बोलणारे असले, ज्याला आमच्यात प्रोटोकॉल म्हणतात, तर आमचा माणूस आमच्याच सर्व्हरवर बसून काटोलच्या माणसाशी बोलू शकतो. एक सर्व्हर दुसऱ्याला निरोप नेऊन देतो, दुसरा तो आपल्या माणसाला दाखवतो. ही सोयरीकच, फक्त हिच्यात कुणाला कुणाच्या घरी नांदायला जावं लागत नाही. मला ही व्यवस्था फार पसंत होती, आणि का, ते वर सांगितलंच आहे.

काटोलकडून हे काम करणारी एक बाई होती. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. शेतकऱ्याघरची, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परतलेली. तिथे एक कोर्स करून कंपनीच्या ऑफिसात चिकटली, आणि क्रेटवर लावायच्या चिठ्ठ्या छापता छापता सर्व्हरही बघायला लागली. मला हे सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी कळलं ते इतकंच की पलीकडे कुणीतरी हुशार आहे, कारण तिने एकही मूर्ख प्रश्न विचारला नाही.

तीन दिवस आम्ही दोन्हीकडून झगडलो. चौथ्या दिवशी तिने आपल्या सर्व्हरवर एक रूम उघडली, तिला "चाचणी" असं नाव दिलं आणि मला बोलावणं पाठवलं. मी आत गेले. तिने लिहिलं, "१". मी लिहिलं, "पोचला." तिने लिहिलं, "२". मी लिहिलं, "पोचला." असं करत करत अकरापर्यंत गेलो आणि मग तिने लिहिलं, "ताई, चहा झाला का?"

चाचणी संपली की चाचणीची रूम बंद करून टाकायची असा आमच्यात नियम आहे. गाड्यांसाठी वेगळ्या रूम उघडल्या, दोन्हीकडची माणसं त्यात बोलायला लागली, रोजचा घोळ बराच कमी झाला. मालकांनी सगळ्यांना पेढे दिले. चाचणीची रूम मात्र तिने बंद केली नाही आणि मीही आठवण दिली नाही.

रोज सकाळी तिचा आकडा यायचा. बारा, तेरा, चौदा. मी "पोचला" लिहायची. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, जोडणी शाबूत आहे की नाही ते बघतोय. आकड्यामागून मग बाकीचं यायचं. आज बागेत झाडांच्या पानांवर कोळशी रोग दिसला. आज साहेबांनी प्रिंटर आपटला. आज आईने पुन्हा नवऱ्याकडे परत जायचा विषय काढला. मीही लिहायला लागले. माझे वडील मागावर लुगडी विणायचे, नवा ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना जुन्या ताण्याच्या टोकाला एकेक धागा पीळ देऊन जोडायचे आणि त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपायचं नाही, हे मी तिच्याआधी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. सांगण्यासारखं आहे हेच मला माहीत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात तिने माझा फोन नंबर मागितला होता. माझ्या नाकावर राग असतोच. मी लिहिलं, "सर्व्हर सांभाळणाऱ्या आपण दोघी. आपणच फोनवर बोललो तं बाकीच्यायनं सर्व्हरवर भरोसा काहून ठेवावा? जे असंन ते इथंच लिही." तिने लिहिलं, "बरोबर आहे ताई." पुन्हा तिने नंबर कधी मागितला नाही. खरं कारण तत्त्वाचं वगैरे काही नव्हतं. माझ्या फोनवर कुणाचा फोन येत नाही. एका माणसाकडे नंबर असावा आणि तरी फोन वाजू नये, हे मला सोसलं नसतं.

अशी तीन वर्षं गेली. काटोल नागपूरपासून बसने दीड-दोन तासांवर आहे. आम्ही एकदाही भेटलो नाही. तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या नावापुढे संत्र्याच्या फुलाचा फोटो होता, माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिने लिहिलं, "ताई, दुसऱ्याच्या हातचं खाऊन लय दिवस झाले." मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग लिहिलं, "परवा रविवार आहे. माह्याकडे ये जेवाले. पाटोडी-रस्सा करतो. घर एसटी स्टँडपासून दहा मिनिटावर आहे." पाठवलं, आणि उत्तराची वाट न पाहता मशीन बंद करून घरी निघाले. बावन्न वर्षांच्या बाईने जेवायला बोलावताना घाबरावं हे हास्यास्पद आहे हे मला त्याही वेळी कळत होतं. पण माझ्या घरी शेवटचं कोण जेवायला आलं होतं ते आठवायला मला कॉटन मार्केटपर्यंतचा रस्ता पुरला नाही.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायचं आधीच ठरलेलं होतं. अर्ध्यात डिस्क गेली. जाताना कुरकुर करून गेली, म्हणजे तिने सूचना दिली होती, मी ऐकली नाही. तरी मी शांत होते, कारण रोजचा बॅकअप होता. रोज एक फाइल तयार व्हायची, तिच्या नावात त्या दिवसाची तारीख असायची, आणि मी रोज ती तारीख बघून समाधान मानायची. फाइलच्या आत काय आहे ते मी आठ महिन्यांत बघितलं नव्हतं. आत काहीच नव्हतं. आठ महिने दररोज वेळेवर रिकामी फाइल बनत होती.

माझ्या धंद्यात याहून मोठी बेअब्रू नाही. संध्याकाळी सातपर्यंत मी नव्या डिस्कवर सर्व्हर पुन्हा उभा केला. नाव तेच, पत्ता तोच, आतून कोरा. सगळ्यांची जुनी बोलणी गेली, सगळ्या रूम गेल्या. चाचणीची रूमही गेली. पण काटोलचा सर्व्हर शाबूत होता, आणि माझी अशी समजूत होती की तिने काही लिहिलं असेल तर ते पोचेल. समोरचा सर्व्हर बंद असला की हे सर्व्हर निरोप धरून ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. ही गोष्ट मी दहा जणांना समजावून सांगितलेली.

रविवारी सकाळी लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवून मी बेसनाची पाटोडी थापली. ती यायची असेल तर पत्ता विचारेल. अकरा वाजता रस्सा झाला. बारा वाजता मी कणकेवर झाकण ठेवलं. निरोप आला नाही. दोन वाजता एकटीने जेवले आणि उरलेलं सगळं खालच्या चौकीदाराला दिलं. तो म्हणाला, "पाव्हणे नाही आले काय मॅडम?" मी म्हटलं, "कोनते पाव्हणे? जास्तीचं झालं होतं."

नाही म्हणायचं तर म्हणावं. येत नाही एवढे दोन शब्द लिहायला काय लागतं? मला वाटलं, मी पायरी सोडली. रोजच्या आकड्याला तिने जेवढी किंमत दिली त्याहून मी जास्त समजले. सोमवारी मी ऑफिसात सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, गाड्यांच्या रूम नव्याने उघडल्या, काटोलच्या गाड्या लावणाऱ्यांना नवीन बोलावणी पाठवली. त्यांनी ती घेतली आणि काम सुरू झालं. तिला मात्र बोलावणं पाठवलं नाही. चाचणीची रूम तिने उघडली होती, तिनेच पुन्हा उघडावी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांकडे बघूनच.

त्याच आठवड्यात सर्व्हरचा लॉग भराभर वाढायला लागला. सर्व्हर दिवसभर काय काय घडलं ते ज्या वहीसारख्या फाइलीत टिपून ठेवतो तो लॉग. काटोलचा सर्व्हर जुन्या रूमचे निरोप आणून देत होता आणि माझा कोरा सर्व्हर म्हणत होता, ही रूम मला माहीत नाही, आणि फेकून देत होता. गाड्यांच्या जुन्या रूममध्ये काटोलची काही माणसं सवयीने अजून लिहीत असणार, त्याचा हा गाळ, असं मी धरलं. मी एक नियम लिहिला की या प्रकारच्या ओळी वेगळ्या फाइलीत जाव्यात. फाइलीला नाव दिलं "कचरा". मुख्य लॉग स्वच्छ झाला आणि मला बरं वाटलं.

मग उन्हाळा आला. आमच्या गावचा उन्हाळा एकट्या माणसाला लवकर संपत नाही. सकाळी मी मशीन उघडायची आणि डोळे आपोआप त्या जागी जायचे जिथे आकडा असायचा. शेवटचा आकडा नऊशेच्या घरातला होता. आठवड्यातून कितीतरी गोष्टी तिला सांगायच्या म्हणून मनात बाजूला ठेवल्या जायच्या आणि मग आठवायचं की सांगायचं कुणाला. एकदा मी माझ्याच सर्व्हरवर दुसरं खातं उघडून स्वतःला "१" पाठवला. पोचला. मग ते खातं पुसून टाकलं आणि इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

नोव्हेंबरात संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू झाला. गाड्या लावणारा ओरडत आला, काटोलचे निरोप उशिरा येत आहेत. कुठे अडकतात ते शोधताना मी सगळ्या फाइली उघडल्या, त्यात "कचरा"ही उघडली.

गाड्यांच्या जुन्या रूमच्या ओळी मार्चमध्येच संपल्या होत्या. त्यानंतरच्या सगळ्या ओळी एकाच रूमच्या आणि एकाच माणसाच्या होत्या. तिच्या. लॉगमध्ये मजकूर नसतो. कुणी, कोणत्या रूममध्ये, किती वाजता, इतकंच असतं. सकाळी सव्वानऊ. सकाळी सव्वानऊ. सकाळी नऊ वीस. रोजच्या आकड्याची वेळ. पुढे पुढे ओळी विरळ होत गेल्या, पण अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, होती, पोळ्याला होती, दिवाळीच्या पाडव्याला होती. काही ओळी वेगळ्याच होत्या. ही व्यक्ती लिहिते आहे, असं समोरच्याला दाखवणारी जी खूण सर्व्हर पाठवतो, तिच्या त्या ओळी. त्यांच्यामागे निरोपाची ओळ नव्हती. म्हणजे ती लिहायला बसली होती, थोडं लिहिलं होतं आणि पुसलं होतं.

नऊ महिने ती बोलत होती. माझ्या दारापर्यंत रोज येत होती, आणि मी स्वतः नियम लिहून तिला कचऱ्यात टाकत होते. मी खुर्चीतच बसून राहिले. गाड्या लावणारा म्हणाला, "मॅडम, सापडलं का?" मी म्हटलं, "हो." आणि त्याचं काम तसंच राहिलं.

झालं काय होतं ते आता स्पष्ट होतं. माझ्या सर्व्हरला ती रूम आठवत नव्हती. पण तिच्या सर्व्हरच्या हिशेबात मी त्या रूममधून कधी बाहेर पडलेच नव्हते. तिच्याकडे माझं नाव आत बसलेलं दिसत होतं. आत शिरायला गेले तर तिचा सर्व्हर म्हणाला, बोलावणं आणा. आणि बोलावणं ती पाठवू शकत नव्हती, कारण आत असलेल्याला बोलावणं जात नाही. मी एक नवी रूम उघडून तिला बोलावलं. दोन दिवस ते तसंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी काटोलच्या गाड्या लावणाऱ्याने सगळ्यांना कळवलं की तीस तारखेला त्यांचा सर्व्हर बंद होणार, त्यांची कंपनी भाड्याच्या ॲपवर जाते आहे. तीस तारखेला सहा दिवस होते. ती रूम आता फक्त तिच्या सर्व्हरवर होती. तो बंद झाला की तिने नऊ महिने मला काय सांगितलं ते या जगात कुठेच उरणार नव्हतं. मी मालकांना सुट्टी मागितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मागितली म्हणून त्यांनी कारणही विचारलं नाही.

काटोलला त्यांच्या कंपनीच्या आवारात संत्र्यांचे ढीग, क्रेटच्या थप्प्या आणि माणसांची आरडाओरड होती. ऑफिस म्हणजे टिनाच्या छपराखालची एक खोली. टेबलाशी एक सावळी, बारीक बाई चिठ्ठ्या कापत बसली होती. वर न बघता म्हणाली, "कोन पाह्यजे?"

"नागपूरहून आली मी. ट्रान्सपोर्टमधून. सर्व्हरवाली."

तिची कात्री थांबली. मग उठून माठातलं पाणी आणून दिलं. "बसा ताई," ती म्हणाली. आवाज मला वाटला होता त्याहून जाड होता. "तुमी बऱ्या आहा ना? मी तुमच्या गाडीवाल्या भाऊले विचारलं होतं मागं. तो म्हणे, मॅडम एकदम टकाटक."

"तू मले लिहून राहिली होती."

"मंग. किती लिहिलं." ती हसली, पण नीट नाही. तिने मशीन माझ्याकडे वळवलं. रूममधल्या माणसांच्या यादीत दोनच नावं होती. तिचं, फुलाच्या फोटोसकट. आणि माझं. "हे पाहा. एक दिवसही बाहेर गेल्या नाही तुमी. मले वाटलं, ताई वाचून राहिल्या अन् बोलून नाही राहिल्या. काहीतरी लागलं असंन त्यायच्या मनाले."

मी सांगितलं. डिस्क, रिकामी फाइल, कोरा सर्व्हर, कचरा. तिला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आमच्याच धंद्यातली ती. "अन् मी फोन तरी कुठं लावणार होती?" एवढंच म्हणाली.

"आता मले आत घे," मी म्हटलं. "पन आधी बाहेर काढ लागते. तूच काढू शकते, रूम तुही आहे."

तिने माझ्या नावावर बोट नेलं आणि थांबली. "तुमाले काढू?"

"काढ."

"मले नाही होत ताई. नऊ महिने तुमचं नाव पाहूनच तं..."

"काढ वं. त्याच्याबिगर येताच येत नाही मले."

तिने दाबलं. पडद्यावर ओळ उमटली की मला काढून टाकण्यात आलं आहे. कारण माहीत असूनही ती ओळ वाचताना मला कसंतरी झालं. मग तिने बोलावणं पाठवलं, मी माझ्या मोबाइलवर ते घेतलं, आणि यादीत माझं नाव पुन्हा आलं. तिच्या सर्व्हरवरून जुना मजकूर माझ्याकडे उतरायला लागला. मी वाचायला लागणार तोच तिने माझ्या मोबाइलवर हात ठेवला. "इथं नका वाचू. बसमधी वाचजा."

सर्व्हर बंद झाल्यावर तिला तिथे काम उरणार नव्हतं. भावाने नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात तिच्यासाठी बोलणं केलं होतं. येत्या रविवारी ती निघणार होती. म्हणूनच दोन दिवस मशीन उघडून बघितलं नव्हतं, सामान बांधत होती. मी म्हटलं, जायच्या आधी एक दिवस नागपूरला ये. ती म्हणाली, "आता नाही होत ताई." रागाने नाही, सरळच म्हणाली. निघताना तिने मला पिशवीभर संत्री दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला आली. आम्ही दोघींनी तिथे उभं राहून एकमेकींना काय म्हणायचं ते सुचेना. लिहायचं असतं तर सुचलं असतं.

बसमध्ये खिडकीशी बसून मी मोबाइल उघडला. जुना मजकूर येतो तो उलटा, आधी शेवटचा आणि मग वर वर सरकावं तसा त्याआधीचा. सगळ्यात खाली दिवाळीचं होतं. "ताई, माह्यं काही चुकलं असंन तं सांगजा." त्याच्या वर पोळ्याच्या दिवशी, "आज बैल नाही आता आमच्याकडे, तरी आईनं पुरणपोळी केली. तुमी केली का?" त्याच्या वर आईचं आजारपण, तिचं बरं होणं. त्याच्या वर अखाजी. मग नुसते आकडे. नऊशे साठ, नऊशे एकोणसाठ, असे मागे मागे जाणारे, एकाच्याही खाली माझं काही नाही. कळमेश्वर गेलं तरी मी आकडेच सरकवत होते. शेजारच्या बाईने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

आकडे संपले तिथे एका रविवारच्या चार ओळी होत्या. मी बोलावलं होतं त्याच्या पुढचा रविवार. सगळ्यात खालची दुपारी एकची. "ठीक आहे ताई. आता दीडची बस पकडतो. तुमाले काम आलं असंन." त्याच्या वर बाराची. "अजून थांबून आहो मी. घाई नका करू." त्याच्या वर साडेअकराची. "इथं पंख्याखाली बाकड्यावर बसली आहो, पिवळ्या साडीत." आणि सगळ्यात वर, अकरा वाजताची. "ताई, स्टँडवर उतरली मी. तुमचं घर दहा मिनिटावर आहे म्हणाल्या होत्या. पत्ता टाका, पायीच येतो."

त्याच्याही वर, मधल्या आठवड्याचे आकडे ओलांडून, माझ्या बोलावण्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं एक होतं. ह्या रविवारी माल भरायचा आहे, पुढच्या रविवारी पक्की येतो.

तो पुढचा रविवार मला चांगला आठवतो. मी घरीच होते. सकाळी अंघोळही केली नव्हती. दार लावून घेतलं होतं, आणि या एवढ्या गावात आपली वाट पाहणारं एकही माणूस नाही म्हणून अकरा वाजल्यापासून रडत पडले होते.